तालाबाहेरचे तीन ठोके

या, असे जवळ या. त्या खांबाला पाठ टेकू नका; पाठ टेकली की डोळा लागतो, आणि ही गोष्ट अर्धी ऐकून घरी नेण्यासारखी नाही. हिच्यात हरिनाम आहे, कापूस आहे, आणि ज्यानं जन्मात बेंबळा नदीहून मोठं पाणी पाहिलं नाही अशा माणसाच्या घरात शिरलेला समुद्र आहे. गोष्ट संपली की तुमच्याकडे काही मागणार आहे. देणं सोपं आहे, घाबरू नका.

अमेरिकेतली लढाई संपून नऊ वर्षं झाली होती. लढाई चालू होती तोवर वऱ्हाडातल्या कापसानं लोकांना वेड लावलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. लढाई संपली आणि भाव जो खाली बसला तो उठलाच नाही. यवतमाळच्या आसपासची निम्मी कापसाची आवारं ओस पडली. लोहाऱ्याचं विठ्ठलराव पाटलांचं आवार तेवढं चालू होतं. त्यांच्या गाठीत माती नाही, सरकी नाही, पाणी नाही, असं थेट मुंबईपर्यंत नाव होतं, आणि हे नाव राखणारा माणूस होता त्यांचा कारभारी, नरहर.

नरहर चाळिशीतला, काडीसारखा. रुईचा पुंजका गालाला लावून तो ओल सांगायचा, आणि ते कधी चुकायचं नाही. गाठ शिवून झाली की गेरू आणि जवसाच्या तेलात बोट बुडवून तिच्या तरटावर एक लाल कमळ काढायचा. ते कमळ म्हणजे नरहरची जबान. मुंबईचे व्यापारी कमळ पाहून गाठ न उघडता घेत.

माणसाला एक व्यसन असतं. नरहरचं व्यसन कीर्तन. कुठं मृदंगावर शाई घोटल्याचा वास आला की हा निघाला. मारेगावला कीर्तन आहे कळलं तर दोन मुक्काम करून जायचा. त्याची बायको मथुराबाई म्हणायची, "देवानं तुमाले दोन कान दिले अन् मधात डोकं ठेवायचं राहून गेलं." हा हसायचा आणि पागोटं डोक्यावर ठेवून चालू लागायचा. बुवा पूर्वरंगात एखादा सिद्धांत मांडू लागले की त्याच्या चेहऱ्यावर जेवायला बसलेल्या माणसाचं समाधान यायचं, आणि उत्तररंगात आख्यान लागलं की उपरण्याचं टोक ओलं व्हायचं.

त्या साली उमरखेडचे बुवा तीन वर्षांनी यवतमाळला येणार होते. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत, रोज दुपारी. आणि नेमका पाडव्याच्या दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला. आवारातल्या पडवीचं छप्पर एका अंगानं गळलं आणि रुईच्या ढिगाची एक कूस भिजली.

अशा वेळी काय करायचं ते नरहरला झोपेतही सांगता आलं असतं. भिजलेली रुई चटयांवर पातळ पसरायची, दोन दिवस उन्हात उलटीपालटी करायची, गालाला कोरडी लागली की मगच गाठीत घालायची. पण त्या दोन दिवसांत पाडवा होता. हे काम दुसऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं, गाल त्याचाच हवा होता. आणि गाड्या आवारात उभ्या होत्या. धरमसिंग नावाचा बंजारा तांड्याच्या बारा गाड्या घेऊन आला होता. माल धामणगावच्या स्टेशनावर पोचवायचा होता.

नरहरनं ढिगाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, आणि भिजलेली रुई गाठींच्या मधोमध भरायला सांगितली. भोवती कोरडी. अशा अकरा गाठी झाल्या. मुंबईची उष्णता ती ओल पिऊन टाकील, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पैशाचा लोभ त्याला नव्हता. त्याला फक्त कीर्तनाला जायचं होतं.

गाठींची तोंडं दाभणानं शिवायचं काम धरमसिंगची बायको भुरीबाई करायची. शिवता शिवता तिनं एका गाठीत कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच थांबली.

"कारभारी, हे गाठ पोटातून थंडी लागते."

"मंग चांगलंच हाय ना," नरहर म्हणाला. "उन्हाळ्यात थंडी गाठ कोणाले भेटते? उशाखाली घेऊन झोप."

बाया हसल्या. भुरीबाईही हसली आणि तिनं तोंड शिवलं. नरहरनं अकराही गाठींवर कमळं काढली, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी देवळात पहिल्या रांगेत जाऊन बसला. ते कीर्तन असं रंगलं की बुवांनी आरती संपल्यावर त्याला पोटाशी धरलं. घरी येताना मथुराबाईला तो म्हणाला की आज मेलो तरी चालेल.

चैत्र गेला, वैशाख गेला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणून देवळात महिनाभर तिसऱ्या प्रहरी कीर्तन असायचं. गावातलेच हरदास, पण गळा गोड. वद्य द्वादशीच्या दुपारी हरदासांनी भजन धरलं, मृदंगावर ठेका सुरू झाला, झांजा लागल्या, आणि त्या सगळ्याखालून नरहरला तीन ठोके ऐकू आले.

ठक. ठक. ठक.

मग थांबणं. मग पुन्हा तीन.

मृदंग्याचा हात घसरला असं त्याला वाटलं. पण मृदंगाचा बोल स्वच्छ चालला होता. हे ठोके त्या तालात बसत नव्हते. ते देवळाच्या फरशीखालून येत होते, कुणीतरी जाड लाकडावर मुठीनं मारावं तसे. शेजारचे लोक डोलत होते. नरहर फरशीकडं बघत राहिला. मग वास आला. ओली रुई कोंडून जळते तेव्हा येणारा आंबट, घशात बसणारा वास. त्यानं मागं वळून पाहिलं, कुठं काही पेटलं नव्हतं. कापूर अजून लावायचा होता.

त्या दिवशी आरतीला न थांबता उठलेला नरहर लोकांनी पहिल्यांदा पाहिला.

पुढं ते वाढत गेलं. आवारात काही नाही, रस्त्यात काही नाही. पण टाळाचा आवाज कानावर पडला की खालून ठोके सुरू. घरी मथुराबाई जात्यावर ओवी म्हणायला लागली की जमिनीखालून तेच. तिला काही ऐकू येत नव्हतं. तिनं कणगीखाली घूस लागली असेल म्हणून कणगी हलवून पाहिली, खालची जमीन सारवली, मारुतीला तेल वाहिलं. एकदा तो जमिनीला कान लावून पालथा पडलेला तिनं पाहिला आणि तिची चेष्टा तोंडातल्या तोंडात राहिली. तिनं ओवी म्हणणं बंद केलं. मुक्यानं दळणारी बाई बघणं हे नरहरला त्या ठोक्यांपेक्षाही सोसेना.

देवाचं नाव निघालं की कुणीतरी कोंडल्यासारखं हाका मारतं, याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडून काहीतरी मोठं घडलं आहे एवढं त्याला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. त्यानं कीर्तनाला जाणं सोडलं. हरदासांनी विचारलं तर कानात दुखतं म्हणाला.

कार्तिकात मुंबईहून एक कारकून आला. उंच, घामाघूम, सतत चष्मा पुसणारा. आगबोटीच्या मालाचा विमा उतरवणाऱ्यांनी त्याला पाठवलं होतं. विठ्ठलरावांनी त्याला बाजेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि नरहरला बोलावलं. कारकुनानं पिशवीतून तरटाचा एक तुकडा काढून बाजेवर ठेवला. कडा जळून काळ्या झालेल्या. मधे लाल कमळाच्या तीन पाकळ्या.

मग त्यानं जे सांगितलं ते असं. बोट मुंबईहून वैशाखात निघाली. नवा कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरली, तिकडच्या जिनोव्याच्या बंदराला जायची होती. कालवा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी बोटीच्या पोटातल्या कोठीतून वास येऊ लागला. कापूस आत पेटला होता. ज्वाळा नाही, नुसता धुमसत होता. त्यातून वारा उठला, समुद्र चढला. कोठीतल्या गाठी वर काढून पाण्यात फेकायच्या हे सगळ्यांना मान्य होतं. कुणाच्या फेकायच्या, हे मान्य नव्हतं. बोटीवर व्यापाऱ्यांचे दोन अडत्ये होते, ते एकमेकांच्या गाठींवर बोट दाखवत भांडत राहिले, कप्तान दोघांना शिव्या देत राहिला, आणि यात अर्धा दिवस गेला.

"पण फेकलेल्याचं नुकसान काही एकट्याचं नसतं," कारकून विठ्ठलरावांना समजावू लागला. दर्यावर्दी लोकांचा हा फार जुना दंडक, त्या समुद्रात तर शेकडो वर्षांचा. बोट वाचवायला माल पाण्यात टाकला तर ज्याचा माल वाचला त्यानंही बुडालेल्याचा वाटा उचलायचा. ओझं सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मात्र आग ज्याच्या मालातल्या दोषानं लागली त्याला हा दंडक नाही. म्हणून आता मुंबईत सगळे एकमेकांवर कागद फेकत होते. कप्तान म्हणत होता गाठी ओल्या होत्या, व्यापारी म्हणत होते बोटीत हवा खेळती नव्हती. आग सुरू झाली ती थप्पी कमळाच्या गाठींची होती. पाणी आवारात लागलं, वाटेत लागलं की बोटीवर, एवढंच कारकुनाला लिहून न्यायचं होतं.

विठ्ठलराव शांतपणे म्हणाले, की गाड्या बेंबळा नदीतून जातात, पाऊस झालेला होता, गाडीवानानं गाठी पाण्यात घातल्या असतील. कारभाऱ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. कारकुनानं ते लिहून घेतलं आणि गाडीवानाला उद्या हजर करायला सांगितलं. गुन्हा ठरला तर त्या तांड्याला यापुढं धामणगावच्या स्टेशनात कुणी माल देणार नाही, असंही बोलला. पाटलाचं नाव राहिलं तर आवारावरची पन्नास घरं जगणार होती. धरमसिंगचा तांडा गाड्यांवर जगत होता. नरहरला दोन्ही माहीत होतं.

तो फक्त एवढंच विचारू शकला, की माणसं वाचली ना.

कारकुनानं चष्मा पुसला. बोट जिनोव्याला पोचली, आगीत कुणी गेलं नाही, असं कप्तानाचं म्हणणं. पण एका खलाशानं वेगळी जबानी दिली होती. त्याच्याबरोबर धावजी नावाचा रत्नागिरीकडचा एक खारवी खलाशी होता. कोठीत उतरून गाठी ओढायला सगळ्यात खाली तोच गेला होता. एकाएकी ज्वाळा उसळली, आणि हवा तोडायला कप्तानानं वरचं जाड लाकडी झाकण, ज्याला ते लोक फाळका म्हणतात, ते लावून वर ओली ताडपत्री ठोकायला लावली. धावजी आतच होता असं तो खलाशी म्हणतो. खालून त्यानं ठोके मारले म्हणतो.

"किती?" नरहरनं विचारलं.

"काय किती?"

"ठोके."

"तीन तीन, थांबून थांबून. कप्तान म्हणतो, गाठींना मुंबईत आवळलेल्या लोखंडी पट्ट्या तुटल्याचा आवाज तो. धावजी आदल्या दिवशीच वादळात वाहून गेला म्हणून त्यानं लिहिलंय. आणि माणूस काही माल नव्हे, त्याचा वाटा कुणी मागितलेला नाही. त्यामुळे कागदात तो कुठं येत नाही."

नरहरनं तारीख विचारली. कारकुनानं झाकण लावलं त्या दिवसाची इंग्रजी तारीख आणि दुपारची वेळ सांगितली. नरहर उठून घरी गेला, पंचांग काढलं आणि बोटानं मोजत आला. अधिक ज्येष्ठ वद्य द्वादशी. तिसरा प्रहर.

आता ते ठोके टाळ-मृदंगाची वाट बघेनात. जेवायला बसला तरी पाटाखालून, विहिरीवर गेला तरी काठाखालून. मथुराबाईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं, ओल्या रुईपासून भुरीबाईच्या हातापर्यंत. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्यासमोर सांगून काय होते? झाकण म्या लावलं काय?"

उमरखेडचे बुवा यंदा कार्तिकातल्या सप्ताहालाही आले होते. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. सकाळी नरहर त्यांच्या उतरल्या जागी गेला. बुवा चिपळ्यांचे घुंगरू पुसत बसले होते. नरहरनं कारकुनाचं सगळं बोलणं सांगितलं, आणि मग म्हणाला, की तुमचं कीर्तन चुकू नये म्हणून मी एक माणूस समुद्रात जाळला. मी देवाच्या वाटेनंच गेलो होतो, मग हे झालं कसं, असं त्यानं विचारलं. बुवा यावर काहीतरी शास्त्रातलं सांगतील, भगवंताची लीला म्हणतील, अशी त्याला आशा होती. तशी एखादी ओळ मिळाली असती तर ती धरून तो गप्प बसला असता.

बुवांनी शास्त्रातलं काही काढलं नाही. त्यांनी घुंगरू खाली ठेवले.

"तुमच्या त्या खलाशांची रीत काय सांगितलीत? नुकसान झालं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं?"

"हो."

"मग माझाही वाटा धरा, नरहरपंत. तुम्ही आलात ते माझ्या गळ्यासाठी. पाडव्याला पहिल्या रांगेत तुम्ही दिसलात तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, ते माझं मला ठाऊक आहे. चला, मी येतो तुमच्याबरोबर. काला दुपारपर्यंत थांबेल."

आवारात धरमसिंग उन्हात उकिडवा बसला होता, भुरीबाई त्याच्यामागं उभी. कारकून विचारत होता आणि धरमसिंग तेच तेच सांगत होता. "नदीले गुडघाभर पानी नव्हतं, साहेब. बैलाचं पोट नाई भिजलं, गाठ कशी भिजल?" विठ्ठलराव म्हणाले, तुमच्या तांड्याच्या बाता आम्हाला ठाऊक आहेत. भुरीबाईनं तोंड उघडलं, नरहरला फाटकातून येताना पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. तिच्या त्या मिटण्यात पाडव्याआधीची सगळी दुपार होती. ती सांगू शकली असती. कारभाऱ्याविरुद्ध बंजारणीचा शब्द कोण धरणार, म्हणून ती गप्प होती.

नरहर बाजेसमोर जाऊन उभा राहिला. ठोके त्याच्या अगदी पायाखाली होते.

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला. "पाणी नदीचं नाही. आवारातलं हाय. ओली रुई म्या भरली, मधोमध, कोणाले दिसू नये म्हणून. या भुरीबाईनं मले सांगतलं होतं, गाठ थंडी हाय म्हणून. म्या तिची मस्करी केली. मालकाले यातलं काही ठाऊक नव्हतं."

विठ्ठलराव ओरडले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "नरहर, कायले?" जपलेलं भांडं आपल्या हातून पडून फुटावं तसा तो आवाज होता. नरहरनं त्यांना कीर्तनाचं कारण सांगितलं. पाटलांनी बुवांकडं पाहिलं आणि बुवांनी मान खाली घातली. शेवटी धरमसिंग उठला, डोक्याचा फेटा सोडून पुन्हा बांधला आणि बायकोला म्हणाला, "चाल." जाताना भुरीबाई नरहरपाशी क्षणभर थांबली. त्याच्याकडं तिनं असं पाहिलं, जसं आजारातून उठलेल्या माणसाकडं पाहतात.

कारकुनानं जबानी वाचून दाखवली आणि सहीसाठी बोरू पुढं केला. नरहरनं बोरू घेतला नाही.

"त्यात धावजीचं नाव घाला."

कारकून म्हणाला, तसं करता येणार नाही. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही.

"पाह्यलं नाही. ऐकलं हाय. वद्य द्वादशीले, तिसऱ्या प्रहरी, देवळात. तीन तीन ठोके. तो खलाशी खोटं सांगून नाही राह्यला." मग तो कारकुनाकडं वाकला. "बापू, गाठींचा हिशोब तुम्ही सगळे मिळून करून राह्यले. याचा वाटा कोणी उचलणार हाय का नाही?"

कारकुनानं चष्मा काढला, पण पुसला नाही. मुंबईत हे वाचून लोक हसतील, असं तो म्हणाला. तरी त्यानं लिहिलं: जबानी देणाऱ्याचे म्हणणे असे की, मौजे लोहारा येथील ओल्या गाठींमुळे बोटीच्या कोठीत धावजी नावाचा खलाशी कोंडून मेला, व त्याचे ठोके जबानी देणाऱ्याने ऐकले. नरहरनं सही केली. आणि सही वाळते ना वाळते तोच पायाखाली सगळं शांत झालं. इतकं शांत, की त्याला भीती वाटली. माणूस आत होता तोवर निदान ठोके होते.

त्या दुपारी काल्याच्या कीर्तनात तो शेवटच्या रांगेत बसला. मृदंग नुसता मृदंगासारखा वाजला. त्याला रडू आलं नाही.

मुंबईतला तंटा पुढं सहा वर्षं चालला म्हणतात. कप्तानाला काही झालं की नाही ते इकडं कधी कळलं नाही. विठ्ठलरावांचं आवार दोन हंगामांत बसलं, आणि त्या पन्नास घरांतली पुष्कळ माणसं नरहरच्या नावानं बोटं मोडत वर्ध्याकडं कामाला गेली. तेही ओझं त्यानं नाकारलं नाही. तो पुढं शेतांवर रुई वेचायला जायचा. धरमसिंगच्या तांड्याच्या गाड्या चालू राहिल्या.

मात्र तेव्हापासून उमरखेडचे बुवा दर वर्षी सप्ताहाला येऊ लागले, आणि काल्याच्या दिवशी, लाह्या-दह्याची हंडी फोडायच्या आधी, कीर्तन थांबवून एक नाव घ्यायचे. रत्नागिरीकडचा धावजी, खारवी, बोटीवरचा. ज्यानं यवतमाळ कधी पाहिलं नाही आणि ज्याला यवतमाळनं कधी पाहिलं नाही. सगळे हात जोडायचे. बुवा गेल्यावर नरहर ते नाव घ्यायचा, नरहर गेल्यावर मथुराबाई. त्यानंतर काही वर्षं कुणी घेतलं, मग राहून गेलं.

तर मागणं एवढंच. आज घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं मनात घ्याल. त्यांच्या शेवटी हे एक नाव जोडा. कुठं जन्मला, कोण मागं राहिलं, काही ठाऊक नाही. नाव धावजी.